टॅबातली पोथी

आमच्या घरात वाचणं म्हणजे मोठ्यानं वाचणं. मनातल्या मनात वाचतात ही गोष्ट मला लग्नानंतर कळली. सासरे वर्तमानपत्र उघडून गप्प बसायचे, तेव्हा पहिले काही दिवस मला वाटायचं की यांना वाचता येत नसावं, नुसतं धरून बसतात. माझ्या माहेरी, आरोंद्याला, दिवेलागणीला आम्ही भावंडं ओटीवर एका कंदिलाभोवती बसायचो आणि प्रत्येक जण आपापला धडा ओरडून वाचायचा. आई आत चुलीपाशी असायची. तिला एक अक्षर येत नव्हतं, पण एखादा आवाज थांबला की ती आतूनच विचारायची, "कोण गो गप झाला?" आवाज चालू म्हणजे अभ्यास चालू. मी चौथीपर्यंत शिकले. पुढची शाळा लांब होती, होडीनं जावं लागायचं, आणि मुलींना शाळेसाठी कोणी होडीत बसवत नसे. माझं पुस्तक धाकट्या भावाकडे गेलं. त्याचं मला फार वाईट वाटलं असं आज लिहिलं तर ते खोटं होईल. मला वाईट वाटलं ते शाळेत मधल्या सुट्टीत मिळणाऱ्या दुधाचं.

आतापर्यंत मी माझ्याच लहानपणाचं लिहिलं. हे प्रकरण माझ्या नातीच्या दहावीच्या वर्षाचं आहे. ते माझ्या आठवणींत कशाला, असं कोणी विचारील. तर त्या वर्षी आमच्या घरात शिकणाऱ्या दोघी होत्या, आणि दोघींत जास्त लाज माझी गेली.

नातीचं नाव तन्वी, घरात तनू. माझा मुलगा मालवाहू जहाजावर असतो, वर्षातून एकदा घरी येतो. सून वर्षा कणकवलीला एका दवाखान्यात कामाला आहे. तिथंच आणखी दोन बायकांबरोबर खोली घेऊन राहते आणि शनिवारी संध्याकाळच्या एसटीनं येते. म्हणून घरात मी आणि तनूच. आमचं घर चिऱ्याचं, कौलारू, पुढे पडवी आणि मागच्या दारी चार पावलांवर खाडी. भरती आली की पायरीला पाणी लागतं आणि त्याचा चपचप आवाज स्वयंपाकघरात येतो. सकाळी पेज, सोबत लोणच्याची फोड किंवा भाजलेला सुका बांगडा, दुपारी भात आणि माशाची कढी, श्रावणात माशाच्या जागी टाकळा नाहीतर फागलांची, म्हणजे करटुल्यांची, भाजी. तनूला फागलं आवडत नाहीत. ती एकेक काप ताटाच्या कडेला लावून ठेवायची आणि मी ते परत मध्ये ढकलायचे. यावरून आमचं रोज वाजायचं आणि त्यात आम्हा दोघींनाही मजा यायची.

नववी संपली तेव्हा मुलानं परदेशातून टॅब आणला. पाटीएवढा, काळा, काचेचा. सरकारी पुस्तकं आठवीपर्यंत फुकट मिळतात, पुढची विकत घ्यावी लागतात. वर्षा म्हणाली, सगळी पुस्तकं टॅबात येतात, सर नोट्सही ग्रुपवरच टाकतात, मग छापील घेऊन काय करायचं? मी तिच्या पुढे एक पाऊल. शेजारची सुलोचना पडवीत आली की मी मुद्दाम तनूला हाक मारायचे आणि टॅब घेऊन यायला सांगायचे. सुलोचनाचा नातू त्याच वर्षी दहावी होऊन अकरावीला गेला होता, आणि त्याचं दप्तर इतकं जड होतं की त्याचे पट्टे दोनदा शिवून आणावे लागले, हे सगळ्या वाडीला ठाऊक होतं. मी तिला म्हणाले, "आमच्या तनूक दप्तराचा ओझा नाय गो. सगळी शाळा हेच्यात." सुलोचना म्हणाली, "बरा झाला. माझ्या नातवाचो खांदो वाकडो झालो." ती साधेपणानं बोलली होती. मला मात्र जिंकल्यासारखं वाटलं.

शाळा सुरू झाली. तनू संध्याकाळी पडवीतल्या बाकड्यावर पाय वर घेऊन बसायची आणि काचेवर बोट फिरवायची. आवाज नाही, पान उलटल्याची सळसळ नाही. मध्येच टॅबातून टुक असा आवाज यायचा, तिचं बोट वर जायचं, काहीतरी बघायची, हसायची, परत खाली यायची. मी आतून ओरडायचे.

"तोंड खंय गेला गो तुजा? वाच मगो."

"वाचतंय आजी. मनात."

"मनात वाचतस तर माका कसा कळतला?"

"तुका कित्याक कळाक व्हया? परीक्षा माजी आसा."

एकदा तिनं गंमत केली. आतून मी ओरडले आणि लगेच पडवीतून धडा वाचल्याचा आवाज सुरू झाला, चांगला खणखणीत, न अडखळता. मी खूश होऊन नारळ किसत राहिले. बऱ्याच वेळानं बाहेर आले तर टॅब बाकड्यावर एकटाच बोलत होता, कोणा बाईच्या आवाजात, आणि तनू खाडीत पाय सोडून बसली होती. मी तिला शिव्या दिल्या आणि मग दोघी हसलो. पण माझ्या मनात तेव्हापासून पक्कं बसलं की या यंत्रावर मुलगी वाचत नाही, नाटक करते. आज मी सांगू शकते की ती वाचत होती. त्या एका संध्याकाळखेरीज ती रोज वाचत होती, माझ्या भावंडांपैकी कोणीही कधी वाचलं नसेल इतकं. पण मला आवाज ऐकू येत नव्हता, आणि आवाजाखेरीज अभ्यासाची दुसरी खूण मला माहीतच नव्हती.

पहिली घटक चाचणी झाली. विज्ञानात तनूला वीसपैकी चार गुण पडले. शाळेनं पालकांना बोलावलं, वर्षाला रजा मिळाली नाही, म्हणून मी गेले. वर्गात बाकांवर पालक आणि बाजूला भिंतीशी मुलं उभी, अशी ती सभा. सरांनी एकेकाचं नाव घेऊन गुण वाचले. तनूचं नाव आल्यावर त्यांनी तिला विचारलं, अभ्यास करत नाहीस का. रागानं विचारलं नाही. ती म्हणाली, "करते सर. सगळं वाचलेलं असतं. पण लिहायला बसलं की ते कुठे होतं तेच सापडत नाही."

काही पालक हसले. मला त्या हसण्याची लाज वाटली आणि ती मी लगेच तिच्यावर फेकली. मी बाकावरून उठले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आयकलात? वाचलेला खंय ठेवल्यान ता गावणा नाय हिका. उद्या डोक्या खंय ठेवलंय म्हणान माका विचारीत." आता सगळेच हसले, भिंतीशी उभी असलेली मुलंही. मी बोलले तर लोक हसतात हे मला लहानपणापासून आवडतं. तेव्हाही आवडलं. सर म्हणाले, आजी, शाळेला निकालाचं बघावं लागतं, सहामाहीत असंच झालं तर हिचा सतरा नंबरचा फॉर्म भरावा लागेल. ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. सतरा नंबर म्हणजे बाहेरून परीक्षा. नाव शाळेच्या पटावरून जातं, वर्गात बसायचं नाही, घरी जमेल तसा अभ्यास करायचा. आमच्या बाजूला सतरा नंबर भरलेली मुलगी घरात बसली की तिच्या हातात आधी झाडू येतो, मग काजूच्या कारखान्याचं काम आणि मग बघायला येणारी माणसं. हे मला ठाऊक होतं. माझी शाळा सुटली तेव्हा माझ्या हातात काय काय आलं तेही मला ठाऊक होतं. तरी मी म्हणाले, "भरा, आताच भरा. माजी ना नाय. उगाच बाकडा कित्याक अडवूचा?"

सर म्हणाले, "सहामाही होऊ दे, आजी."

घरी येताना वाटेत शेताच्या मेरेवरून, अरुंद बांधावरून, चालावं लागतं. तिथं तनू नेहमी माझ्या मागे असते, मी घसरले तर धरायला. त्या दिवशीही मागेच होती. एवढं बोलून घेऊनही ती मागेच चालली आणि एका ओल्या जागी तिनं माझं कोपर धरलं. घरी आल्यावर तिनं चहा केला, माझा बिनसाखरेचा. मी वाट बघत होते की ही आता रडेल किंवा भांडेल, म्हणजे मला आणखी चार शब्द बोलता येतील. ती कप विसळायला गेली. संध्याकाळी परत बाकड्यावर टॅब घेऊन बसली.

श्रावणात आमच्या पडवीत पोथी असते. जेवणं आटोपली की वाडीतल्या बायका येतात, वाटीभर खोबरं-गूळ किंवा केळी घेऊन, आणि मी वाचते. हा मान मला सासूनं दिला. तेव्हा वाडीतल्या बायकांत वाचता येणारी मी एकटीच होते. आता घरोघरी शिकलेल्या सुना आहेत, दोघी-तिघी तर पदवीधर, पण वाचायचं मीच, हे ठरल्यासारखं झालं. मी त्यात काटकसर करत नसे. जिथे आवाज चढवायचा तिथे चढवायचा, जिथे बायकांनी डोळ्याला पदर लावायचा तिथे थांबायचं. पदवीधर सुनाही म्हणायच्या, काकींसारखं आमच्यानं होणार नाही. चौथी शिकलेल्या बाईला हे ऐकून काय वाटतं ते दुसऱ्या कुणाला कळायचं नाही.

त्या वर्षी पोथी सुरू व्हायच्या दिवशी सकाळी मी देवाच्या फळीवरून लाल कापडातलं बासन काढलं तर ते हाताला हलकं लागलं. कापड उघडलं. वरचं पुठ्ठ्याचं पान जसंच्या तसं होतं आणि आत सगळी माती. वाळवीनं आतून खाऊन तिथं घर केलं होतं. आमच्या हवेत असं होतं, कपाटं जातात, दाराच्या चौकटी जातात. मी माती झटकली आणि हातात आली ती कागदाची जाळी. दुपारी बायका येणार. नवी पोथी आणायची तर बाजारात जायला हवं, आणि जाऊन येईपर्यंत संध्याकाळ झाली असती.

तनू शाळेत निघाली होती, तिनं बघितलं. म्हणाली, "आजी, टॅबात मिळतली. मी काढून ठेवतंय. दुपारी अर्धी सुट्टी आसा, मीया येतंय तवसर." ती आली. तिनं पोथी काढली, माझा चष्मा पुसून दिला, आणि माझ्या डोळ्यांना त्रास नको म्हणून अक्षरं मोठी केली. एवढी मोठी, बोराएवढी. म्हणाली, "बघ, आता चष्मो नसलो तरी चलात." आठवड्यापूर्वी मी तिची शाळा सोडवायला तयार झाले होते, त्या मुलीनं हे केलं.

बायका जमल्या. सुलोचना पुढेच बसली. पाटावर टॅब ठेवला, त्याला फूल वाहिलं, त्यावरून थोडं हसणं झालं. "देवान पण आता मोबायल घेतल्यान," कोणीतरी म्हणालं. मी सुरुवात केली. पहिल्या ओव्या झाल्या, आवाज लागला. मग टॅबावरच्या ओळी संपल्या आणि मी बोट फिरवलं तर सगळं भरकन वर पळालं. तनूनं ते परत जागेवर आणलं. मी वाचायला लागले आणि मला पुढचं येईना. अक्षरं समोर होती, मोठी, स्वच्छ, एकही पुसलेलं नाही. एकेक अक्षर मला ओळखू येत होतं. पण ती जोडून शब्द होईना. जोडाक्षर आलं की मी पहिलीतल्या मुलीसारखी अडायचे, मागे जायचे, परत तिथंच अडायचे. ओळ जिथे संपायची तिथे संपत नव्हती, भलत्याच जागी तुटत होती, आणि पुढची ओळ भलत्याच शब्दानं सुरू होत होती. 

सुलोचना म्हणाली, "काकी, वायच पाणी पिवा." मी पाणी प्याले. मग ती म्हणाली, "वाचूक नको, तसाच सांगा. तुमका पाठच आसा मा?" चांगल्या मनानं म्हणाली. मी डोळे मिटले आणि सांगायला गेले, तर पाठही येईना. डोळ्यांपुढे माझी जुनी पोथी उभी राहिली, पण मातीची. खाली मान घालून बसले.  मग तनूनं टॅब आपल्याकडे ओढला आणि वाचायला लागली. मोठ्यानं. तिनं ती पोथी जन्मात वाचली नव्हती. चाल तिला येत नव्हती, पण शब्द एकही चुकला नाही. बायका ऐकत राहिल्या. शेवटी एक सून म्हणाली, "आमका पयल्यांदाच सगळा कळला." तिच्याही मनात काही वाईट नव्हतं. त्या दिवशी सगळ्या माझ्याशी चांगल्या वागल्या, आणि तेच मला सोसवेना.

बायका गेल्यावर मी मागच्या दारी फणसाच्या आठळ्या सोलायला घेतल्या. मातीत पुरून ठेवलेल्या, त्यांची वरची साल निघता निघत नाही. तनू येऊन समोर बसली आणि तिनंही एक मूठ घेतली.  मग तिनं विचारलं, "आजी, तुज्या पोथयेत काय होता गो जा टॅबात नाय?"

मी म्हणाले, "डाग."

मग मी तिला सांगितलं. मी सांगताना मला स्वतःलाच ते पहिल्यांदा कळत होतं. तिसऱ्या अध्यायात डाव्या पानावर तुपाचा डाग होता, तो आला की आवाज चढवायचा. एका पानाचा कोपरा माझ्या मुलानं लहानपणी चावला होता, तिथून राणीचं दुःख सुरू व्हायचं. एका ठिकाणी शाई पसरून दोन ओळी काळ्या झाल्या होत्या, त्या मी वाचल्याशिवायच म्हणायचे. सासूच्या काळापासून मी ती पोथी वाचत होते आणि इतक्या वर्षांत मी अक्षराकडे बघितलं किती? मी डागांकडे बघत होते. चौथीत जेवढं वाचायला शिकले होते तेवढंही माझ्याकडे उरलं नव्हतं, पानानं ते झाकून ठेवलं होतं.

तनूनं हातातली आठळी खाली ठेवली. "माका तसाच होता," ती म्हणाली. "टॅबात डाग नसता. सगळी पानां सारकीच. धडो खयसून सुरू झालो, खंय संपलो, कायएक कळणा नाय, नुसतो वर वर जाता. पेपरात प्रश्न बघलो की वाटता, ह्या वाचलंय मी. पण पान डोळ्यांफुडे येणा नाय. पान इला नाय की उत्तर पण येणा नाय." मग आठळी परत उचलून म्हणाली, "ताच सांगी होतंय सरांक."

मी तिच्याकडे बघू शकले नाही. सभेत ती हेच बोलली होती, सरळ, स्वच्छ, आणि मी त्याचा विनोद करून लोकांना हसवलं होतं. त्या घटकेला चुकलं म्हणायला हवं होतं. मी म्हटलं नाही. ते सोडून मी तिलाच विचारलं, "मगे पुस्तक मागलंस कित्याक नाय?"

"तू सगळ्यांक सांगत होतंस, तनूक दप्तराचा ओझा नाय म्हणान. मगे मी कसा मागतलंय?"

आठळ्या सोलून संपल्या. त्या रात्रीच्या जेवणाला उकडून, मीठ लावून खाल्ल्या. मला चव लागली नाही.

दुसऱ्या दिवशी मी सुलोचनाकडे गेले. दोन घरं सोडून तिचं घर. एवढं चालायला मला कधी वेळ लागला नव्हता. ती अंगणात चूल पेटवत होती. मी म्हणाले, "सुलू, तुज्या नातवाची दहावीची पुस्तकां आसत?" तिनं माझ्याकडे बघितलं, मग चुलीत फुंकर घातली. "टॅब बिघडलो?" तिनं विचारलं. मी म्हणाले, "टॅब बरो आसा. आमीच बिघडलो." ती हसली. मग तिनं माळ्यावरून एक गोणी काढून दिली. गणित होतं, इतिहास होता, विज्ञानाचा पहिला भाग होता. दुसरा भाग नव्हता. मी विचारलं तर म्हणाली, "तो आंब्यांवांगडा मुंबयक गेलो. पेटये भरताना कागद कमी पडलो, तेवा झिलान फाडून घातल्यान. आता कोणतरी दादरात बसान आंबो खाता आणि विज्ञान शिकता." मग निघताना तिनं हळूच म्हटलं, "पुस्तक परत देव नको. आणि सभेत बोललात ता बरा नाय केलात, काकी." म्हणजे वाडीभर झालं होतं. एवढ्या दिवसांत कोणी तोंडावर बोललं नव्हतं, सुलोचना बोलली. मी मान हलवली आणि गोणी घेऊन आले.

विज्ञानाच्या दुसऱ्या भागाचं तनूनं स्वतःच काहीतरी केलं. टॅबात बघून ती कोऱ्या कागदांवर आकृत्या काढायची, शेजारी लिहायची, आणि ते कागद स्वयंपाकघराच्या भिंतीला भाताच्या खळीनं चिकटवायची. चुलीच्या वर पोटातल्या आतड्यांचं चित्र, पाण्याच्या हंड्याजवळ पेशी. फोडणी देताना त्यावर तेलाचे शिंतोडे उडत आणि मी आधी पुसायला धावायचे, तर ती म्हणायची, "रवांदे. डाग पडांदे." पहिला भाग ती पुस्तकातून वाचायची, आणि आता मोठ्यानं. माझ्यासाठी. कारण एक दिवस मी तिच्या बाजूला जाऊन बसले आणि म्हणाले, माका वाचूक शिकय. यापेक्षा जास्त माफी मला मागता येत नव्हती.

ती शिकवताना कडक होती. मी एखादं वाक्य अंदाजानं पुरं केलं की बोटानं पान झाकायची. "ह्या तू वाचूक नाय. ह्या तू ठरवलंस. परत." मी परत वाचायचे. गुरुत्वाकर्षण हा शब्द मला तीन दिवस आला नाही. दूध डेअरीवाला एकदा दारात उभा राहून ऐकत होता आणि म्हणाला, "काकी, दहावीक बसतास काय?" पूर्वीची मी असते तर त्याला असं उत्तर दिलं असतं की तो आठवडाभर दारात आला नसता. मी गप्प राहिले, कारण बोट कुठल्या ओळीवर होतं ते चुकलं असतं.

सहामाही झाली. तनू विज्ञानात पास झाली, बरे गुण पडले, बाकीच्या विषयांतही. सतरा नंबरचं नाव परत निघालं नाही. कागद जिंकला असं काही मी लिहिणार नाही. ती आता कणकवलीला कॉलेजात आहे, तिथं बहुतेक सगळं टॅबवरच वाचते आणि पास होते. तिला आता कुठे थांबायचं ते कळलं आहे. जे डोक्यात ठेवायचं ते ती आधी हातानं कागदावर काढते. मला स्वतःला अजूनही टॅबवर वाचता येत नाही, कागदावर येतं, सावकाश. श्रावणात पोथी नवीन आहे आणि ती सुना वाटून घेऊन वाचतात. माझ्या वाट्याला एक अध्याय येतो.

सहामाहीनंतर पालकांची सभा होती. मी आदल्या दिवशी लुगडं काढून ठेवलं होतं. काय बोलायचं तेही ठरवलं होतं. त्याच वर्गात, त्याच लोकांसमोर उठायचं आणि सांगायचं की मागच्या वेळी मी जे बोलले ते चुकीचं होतं, मुलगी खरं सांगत होती. संध्याकाळी तनू फोनवर आईशी बोलत होती. मी न्हाणीतून ऐकलं. "आये, उद्या रजा घे आणि तूच ये. आजी नको. तिका मेरेवरून चालूचो त्रास होता." मी त्या मेरेवरून रोज गवताचा भारा आणते. तनूला ते माहीत होतं, मला माहीत होतं. मी बाहेर आले, लुगडं परत पेटीत ठेवलं आणि तिला म्हणाले, बरा केलंस. ती म्हणाली, "हां."

वर्षा सभा करून दुपारी घरी आली. जेवायला बांगड्याचं तिखलं केलं होतं, श्रावण-भाद्रपद संपून मासळी चांगली सुटली होती. वर्षा खुशीत होती. बसल्या बसल्या सांगू लागली, सर तुमच्याबद्दल खूप चांगलं बोलत होते. म्हणाले, तन्वीनं सांगितलं की आजी रोज संध्याकाळी माझ्या बाजूला बसते, म्हणून अभ्यास झाला. सगळ्या पालकांसमोर म्हणाले, असं घरातलं माणूस पाहिजे.

मी म्हणाले, "मी कायएक केलंय नाय. तिनाच माका शिकयल्यान."

वर्षाला तो माझा मोठेपणा वाटला. हसून म्हणाली, "सरांनी सांगल्यानी, फुडच्या मीटिंगीक आजीकच धाडा."

मी तनूकडे बघितलं. तिनं बांगड्याचा काटा काढून ताटाच्या कडेला ठेवला, भाताचा घास केला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "बघया."